आगपेटीच्या गावाची हवा

अंबरनाथच्या हवेचा इतिहास तिथल्या जमिनीच्या ठेवणीपासून सुरू होतो. एका अंगाला मलंगगड, तावली, चंदेरी अशी उभ्या कड्यांची डोंगररांग, दुसऱ्या अंगाला उल्हास नदी, आणि मधल्या सखल पट्ट्यात रेल्वेमार्गाला धरून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तीन शहरे. काकोळे गावाजवळच्या डोंगरात उगम पावणारी वालधुनी याच पट्ट्यातून वाहते. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० मधले शिलाहारांचे शिवमंदिर तिच्याच काठी उभे आहे. दिवसा खाडीकडून वारा सुटतो तेव्हा हा पट्टा मोकळा वाटतो. दिवाळीनंतरच्या रात्री मात्र डोंगरउतारावरची गार, जड हवा खाली उतरून साचते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. शाळेच्या भूगोलात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. अशा रात्री खाली जे जळते, उकळते किंवा गळते, ते सूर्य वर येईपर्यंत माणसांच्या उंचीवरच फिरत राहते.

कारखान्यांच्या आधीही इथे धूर होता, पण त्याला ऋतू होता. भाताच्या रोपासाठी शेतकरी उन्हाळ्यात राब भाजत. शेण, टहाळे आणि पालापाचोळा जमिनीवर पसरून पेटवले की चार-आठ दिवस शिवारावर धूर रेंगाळे आणि पावसाबरोबर संपे. घरातल्या चुलीचा धूर बारमाही होता. तो बायकांच्या वाट्याला येई आणि त्याची मोजदाद कोणी करत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कल्याणहून घाटाकडे लोहमार्ग गेला आणि कोळशाचा धूर गावाच्या अंगणात आला. इंजिनांना पाणी लागे, म्हणून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने काकोळ्याला बंधारा बांधला. तो आजही ‘जीआयपी टँक’ याच नावाने ओळखला जातो. १९२९-३० च्या सुमारास कल्याण–पुणे मार्गावर विजेची इंजिने आली. त्यांना लागणारी वीज ठाकुर्लीच्या चोळा केंद्रात कोळसा जाळून तयार होई. इंजिनांच्या नळकांड्यांतला धूर अशा रीतीने एका धुराड्यात गोळा झाला.

याच सुमारास अंबरनाथला पहिला मोठा कारखाना आला तो आगपेट्यांचा. स्वीडिश भांडवलावर उभी राहिलेली वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे ‘विम्को’, १९२० च्या दशकात इथे काड्या बनवू लागली. कारखाना बंद होऊन बरीच वर्षे झाली, तरी अंबरनाथ पश्चिमेला रिक्षावाल्याला अजूनही ‘विम्को नाका’ एवढेच सांगावे लागते. आगपेटीच्या धंद्याला आजाराचा जुना इतिहास आहे. युरोपात पांढरा फॉस्फरस हाताळणाऱ्या मजुरांच्या जबड्याचे हाड सडत असे. त्या फॉस्फरसवर भारतात १९१३ च्या कायद्याने बंदी आली होती. त्यामुळे अंबरनाथच्या वाट्याला आली ती सुरक्षित काडी, आणि तिच्याबरोबर गंधक, क्लोरेट आणि लाकडाचा भुसा. या धुळीने होणारा खोकला बहुतांशी कारखान्याच्या फाटकाच्या आतच राहिला. तो कामगाराचा आजार होता, गावाचा नव्हे. फाटकाबाहेर मोठी वस्तीच नसल्यामुळे हा फरक तेव्हा कोणाला खटकला नाही.

वस्ती आली ती फाळणीनंतर. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेल्या कल्याण कॅम्पच्या बराकींत सिंधमधून आलेल्या सुमारे ९४ हजार निर्वासितांची सोय करण्यात आली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण झाले. लोक आजही पत्ता सांगताना ‘चार नंबर’, ‘पाच नंबर’ असा कॅम्पचा आकडाच सांगतात. सर्वस्व गमावून आलेल्या या माणसांनी बराकीच्या अर्ध्या भागात संसार आणि अर्ध्यात कारखाना थाटला. शिवणयंत्रे, मिठाईच्या भट्ट्या, प्लास्टिकचे साचे, पुढे जीन्सची शिलाई आणि धुलाई, सारे काही राहत्या घराला लागूनच. १३ चौरस किलोमीटरच्या या शहरात २०११ च्या जनगणनेत ५ लाख ६ हजार माणसे नोंदली गेली. धूर सोडणारा आणि धूर घेणारा यांच्यात एका भिंतीचेच अंतर उरले.

१ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. मुंबई बेटावरची गर्दी कमी करायची आणि नवे उद्योग बाहेर न्यायचे हे त्या काळाचे धोरण होते. अंबरनाथच्या आवाक्यात मुंबईचे बंदर होते, रेल्वे होती, कामगार होते, आणि पुढे बदलापूरजवळच्या बारवी धरणाचे पाणीही मिळाले. डोंबिवली, अंबरनाथ आणि बदलापूर अशी औद्योगिक वसाहतींची साखळीच तयार झाली. चिखलोली आणि मोरिवलीच्या भूखंडांवर औषधांची मूळ द्रव्ये, रंग आणि रंगांची मध्यस्थ रसायने बनू लागली. आगपेटीच्या कारखान्यात वर्षानुवर्षे एकच पदार्थ तयार होई. लहान रासायनिक कारखान्याचे तंत्र याहून अगदी वेगळे असते. तिथे एकाच रिअ‍ॅक्टरमध्ये आज एक ‘बॅच’ आणि पुढच्या आठवड्यात दुसरी लागते. कधी नायट्रिक आम्ल, कधी क्लोरिन, कधी गंधकाची संयुगे, कधी टोल्युइनसारखी द्रावके. बॅच बदलली की वासही बदलतो. कारखान्याजवळ राहणाऱ्यांच्या बोलण्यात म्हणूनच वासांचे प्रकार येतात: सडक्या अंड्याचा, कुजलेल्या कोबीचा, नेलपॉलिशचा, आणि ज्याला दुसरे नाव सापडत नाही तो नुसता ‘उग्र’.

या वाफा अडवण्यासाठी धुराड्याच्या आधी ‘स्क्रबर’ बसवलेला असतो. हा एक उभा मनोरा. त्यात वरून कॉस्टिकच्या पाण्याची धार पडते आणि खालून येणारा आम्लधर्मी वायू धुतला जातो. त्याला सतत चालणारा पंप लागतो, ताजे कॉस्टिक लागते आणि लक्ष ठेवणारा माणूस लागतो. यातले एक जरी चुकले तरी वायू जसाच्या तसा बाहेर पडतो. वास रात्री दहानंतर येतो, ही तिन्ही शहरांतल्या रहिवाशांची कित्येक वर्षांची तक्रार आहे. रात्रीची स्थिर हवा हे त्याचे एक कारण आहेच. पण केवळ हवामानावर बोट ठेवून ही तक्रार निकालात काढणे अन्यायाचे आहे, कारण तपासणीला माणूस सहसा दिवसा येतो.

शरीराच्या बाजूने पाहिले तर हे सगळे एका श्वासात घडते. जाड धूळ नाकातल्या केसांत आणि शेंबडात अडकते. दहा मायक्रॉनहून लहान कण, म्हणजे पीएम १०, घशाखाली श्वासनलिकांत उतरतात. तिथल्या आतल्या त्वचेवर बारीक लवेचे गालिचे असतात; ती लव एका लयीत हलून कफासकट कण वर ढकलते. गंधक डायऑक्साइड, क्लोरिन किंवा आम्लाची वाफ या लवेला लुळे पाडते, नलिकांना सूज येते आणि त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळतात. यालाच रुग्ण ‘छाती जाम झाली’ म्हणतो, आणि डॉक्टर स्टेथोस्कोपमधून जी ऐकतो ती घरघर. अडीच मायक्रॉनहून लहान कण या सगळ्याला चुकवून थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. त्यांतले अगदी बारीक कण रक्तातही उतरतात. दम्याच्या रुग्णाला त्याचा त्रास त्याच रात्री होतो आणि तो उशाखालचा पंप शोधतो. ज्याला दमा नाही त्याच्या फुफ्फुसांची क्षमता वर्षानुवर्षे इतक्या सावकाश घटते की रेल्वेचा पूल चढताना धाप लागेपर्यंत त्याला पत्ताही लागत नाही.

महाराष्ट्रात या सावकाश होणाऱ्या हानीचा पद्धतशीर शोध मुंबईत सुरू झाला. केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईतल्या कमी-अधिक प्रदूषित वस्त्या आणि तुलनेसाठी ग्रामीण भाग निवडून तिथल्या रहिवाशांना तपासले. खोकला, धाप आणि वारंवार होणारी सर्दी यांचे प्रमाण प्रदूषित भागांत जास्त आढळले. तेल शुद्धीकरण आणि खतांच्या कारखान्यांमुळे चेंबूरला ‘गॅस चेंबर’ म्हणण्याचा तो काळ. पुढे अमेरिकेतल्या सहा शहरांत ८ हजारांहून अधिक प्रौढांचा चौदा ते सोळा वर्षे मागोवा घेतला गेला. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सर्वांत प्रदूषित शहरातला मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्क्यांनी अधिक निघाला. कॅलिफोर्नियात दहा वर्षांच्या मुलांना अठराव्या वर्षापर्यंत तपासत गेल्यावर दिसले, की सूक्ष्म कण जास्त असलेल्या गावांत फुफ्फुसांची क्षमता खूपच कमी राहिलेल्या मुलांचे प्रमाण स्वच्छ गावांच्या जवळपास पाचपट होते. वाढीच्या वयात जे फुफ्फुस तयार झाले नाही, ते नंतर भरून येत नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बाहेरच्या प्रदूषित हवेची कर्करोगकारक म्हणून नोंद केली.

कायद्याची वाटचालही याच काळातली. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्ये स्थापन झाले ते पाण्यासाठी. हवेचा स्वतंत्र केंद्रीय कायदा १९८१ मध्ये आला. ३ डिसेंबर १९८४ च्या पहाटेपर्यंत भोपाळमध्ये जे घडले, त्यानंतर रासायनिक कारखान्याशेजारची वस्ती हा विषय देशाला टाळता येईना. अंबरनाथ-बदलापूरमध्ये मात्र पुढच्या दशकांत घरे कारखान्यांच्या आणखी जवळ सरकली. मुंबईत घर न परवडणारा माणूस ठाण्याला, तिथून डोंबिवलीला आणि शेवटी इथे आला. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ ते २०११ या दहा वर्षांत सुमारे ९८ हजारांवरून १ लाख ७४ हजारांवर गेली, तर अंबरनाथची २ लाख ५३ हजारांवर पोचली. चाळिशीतल्या कुटुंबाने वीस वर्षांचे कर्ज काढून घेतलेल्या घराची खिडकी औद्योगिक वसाहतीच्या दिशेने उघडत असेल, तर त्यात त्या कुटुंबाचा दोष नाही. दोन्हींच्या मध्ये मोकळा पट्टा राखायला हवा होता, आणि तो राखण्याचे काम बांधकामाची परवानगी देणाऱ्यांचे होते.

हवा मोजली जात होती. राष्ट्रीय मोजणी कार्यक्रमाच्या पद्धतीचे यंत्र जवळून पाहण्यासारखे आहे. इमारतीच्या गच्चीवर पत्र्याची उभी पेटी, आत मोठ्या व्हॅक्यूम क्लीनरसारखी घरघरणारी मोटर आणि वर काचतंतूंचा आठ बाय दहा इंचांचा पांढराशुभ्र कागद. कागद लावण्याआधी तोलून घेतात. आठ तास हवा खेचून घेतल्यावर तो काढतात, तेव्हा मधला भाग राखी झालेला असतो, कधी जवळजवळ काळा, आणि चौकटीखाली झाकलेली कड तशीच पांढरी. वजनातला फरक म्हणजे धूळ. शेजारी बर्फात ठेवलेल्या काचेच्या नळ्यांत द्रावण असते. त्यातून बुडबुडत जाणाऱ्या हवेतले गंधक आणि नायट्रोजनचे ऑक्साइड त्यात विरघळतात आणि प्रयोगशाळेत रंगावरून मोजले जातात. हे काम आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला १०४ दिवस करायचे. अंबरनाथमध्ये नगरपालिकेच्या इमारतीत, बदलापुरात उद्योजकांच्या संघटनेच्या इमारतीत आणि उल्हासनगरात पवई चौक व चांदीबाई महाविद्यालयाच्या आवारात अशी केंद्रे चालत आली.

ही पद्धत प्रामाणिक आहे, पण तिला जे विचारले जाते तेवढेच ती सांगते. धूळ किती, गंधक किती, नायट्रोजन किती, एवढेच तिला विचारलेले असते. टोल्युइनची वाफ, हायड्रोजन सल्फाइड, आम्लाचे धुके यांच्यासाठी त्या पेटीत जागाच नाही. आणि गुरुवारी रात्री अकराला आलेला वास सोमवारच्या कागदावर कसा उमटणार? ज्याची तक्रार सर्वांत जास्त, तेच मोजणीबाहेर राहिले. या पट्ट्यातल्या हवेच्या इतिहासाचा गाभा हाच आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये देशाचे नवे मापदंड आले: पीएम १० साठी वर्षाची सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, पीएम २.५ साठी ४०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली शिफारस केलेली मर्यादा अनुक्रमे १५ आणि ५ वर आणली. २००९ मध्येच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले. शेजारच्या डोंबिवलीला १०० पैकी ७८.४१ मिळाले आणि ती ४३ अतिप्रदूषित ठिकाणांच्या यादीत गेली. २०१४ मध्ये तिथे हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला. तेव्हा वर्तमानपत्रांना रंग दिसले, कारण रंगांची छायाचित्रे घेता येतात.

अंबरनाथ-उल्हासनगरला हवेचा धोका पहिल्यांदा उघडपणे दिसला तो नदीमुळे. शनिवार, २९ नोव्हेंबर २०१४ च्या पहाटे वालधुनीच्या पात्रात टँकरमधून रसायन सोडले गेले. नदीतल्या घाणीशी त्याची प्रक्रिया होऊन विषारी वायू काठच्या झोपलेल्या वस्तीत शिरला. माणसे खोकत, उलट्या करत, डोळे चोळत रस्त्यावर आली. शेकडो जणांना उपचारांसाठी न्यावे लागले आणि उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय भरून गेले. नदी आणि हवा ही दोन वेगळी खाती आहेत हा कागदोपत्री समज त्या पहाटे खोटा ठरला. ‘वनशक्ती’ या संस्थेने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबाबत राष्ट्रीय हरित लवादाकडे आधीच दाद मागितली होती. लवादाने २०१५ मध्ये सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आणि स्थानिक संस्था यांच्यावर एकूण ९५ कोटी रुपयांची आकारणी केली. त्यानंतर उल्हासनगरातल्या जीन्स धुलाईच्या कारखान्यांवर गंडांतर आले. कित्येक बंद झाले, तर काही आसपासच्या गावांत सरकले.

१० जानेवारी २०१९ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जाहीर केला. पाच वर्षे मापदंड न पाळू शकलेल्या १०२ शहरांच्या पहिल्या यादीत महाराष्ट्राची १७ शहरे होती आणि त्यांत उल्हासनगर आणि बदलापूर ही दोन्ही नावे होती. अंबरनाथचे नव्हते. लोकलने उल्हासनगर सोडले की पुढचे स्थानक अंबरनाथ, आणि त्याच्या पुढचे बदलापूर. मधल्या स्थानकावरची हवा निराळी असण्याचे काहीच कारण नाही. पण निधी, आराखडा आणि उद्दिष्ट ही सारी शहराच्या नावाने ठरली. हे उद्दिष्ट आधी २०२४ पर्यंत धूलिकण २० ते ३० टक्क्यांनी आणि नंतर २०२५-२६ पर्यंत ४० टक्क्यांनी कमी करण्याचे होते. उद्दिष्ट फक्त धुळीचे असल्यामुळे कामेही धुळीचीच निघाली: रस्ते झाडण्याची यंत्रे, पाण्याचे फवारे, बांधकामांभोवती हिरवी जाळी. धूळ हा खरा प्रश्न आहेच. कल्याण-बदलापूर रस्त्यावर दुचाकीवरून रोज ये-जा करणाऱ्याच्या रुमालाची संध्याकाळी जी अवस्था होते, ती पाहिली की त्याबद्दल शंका राहत नाही. मात्र वायूंचे काय, हा प्रश्न कार्यक्रमाच्या बाहेरच राहिला.

या प्रश्नाने पुढच्या सहा वर्षांत दोनदा दार ठोठावले. ३ जून २०२१ च्या रात्री बदलापूरच्या शिरगाव औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात रासायनिक प्रक्रिया हाताबाहेर गेली आणि वायू सुमारे तीन किलोमीटरपर्यंत पसरला. करोनाच्या दुसऱ्या लाटेतून जेमतेम सावरलेल्या शहरात लोकांना पुन्हा श्वास लागला. तासाभरात अग्निशमन दलाने गळती आटोक्यात आणली आणि जीवितहानी नाही अशी नोंद झाली. १२ सप्टेंबर २०२४ रोजी गौरींच्या विसर्जनाचा दिवस होता. त्या रात्री अंबरनाथमध्ये मोरिवलीच्या बाजूने पांढरा धुरकट थर पसरला. रस्त्यावरचे दिवे अंधूक झाले, थर रेल्वे रुळांपर्यंत आला आणि माणसे तोंडाला ओढणी, रुमाल, जे हाताला लागेल ते बांधून चालू लागली. डोळे चुरचुरणे, घसा धरणे, श्वास घ्यायला त्रास, अशा तक्रारी आल्या. आम्लधर्मी वाफ दमट हवेत मिसळली की तिचे बारीक थेंब होतात आणि हवा दुधासारखी दिसू लागते. पावसाळ्यात धूळ बसलेली असते आणि मोजणीचे आकडे वर्षातले सर्वांत चांगले असतात. नेमक्या त्याच दिवसांत हे घडले.

अशा रात्रीचा परिणाम दोन प्रकारचा असतो. बहुतेकांना दोन दिवसांत बरे वाटते. काही जणांच्या श्वासनलिका मात्र एकाच मोठ्या माऱ्यानंतर कायमच्या हळव्या होतात. मग फोडणीचा ठसका, उदबत्तीचा धूर, डिसेंबरची गार हवा, काहीही पुरते. ज्याला कधी दमा नव्हता त्याच्या खिशात पंप येतो. तोपर्यंत घटनेची फाइल बंद झालेली असते. देशाच्या पातळीवर २०१९ या एका वर्षात १६ लाख ७० हजार मृत्यूंचा संबंध प्रदूषित हवेशी जोडला गेला. त्यांत फुफ्फुसाच्या दीर्घकालीन अडथळ्याचा, म्हणजे सीओपीडीचा, वाटा मोठा आहे. या आजारासाठी कोणतीही एक रात्र जबाबदार धरता येत नाही.

वायू आणि धूळ यांच्या जोडीला कचऱ्याचा धूर आहे. उल्हासनगरचा कचरा आधी म्हारळच्या राणा खदाणीत आणि नंतर कॅम्प पाचमधल्या खडी मशीन भागात जात राहिला. दगड काढून झालेल्या जागा कचऱ्याने भरायच्या, ही इथली रीत. उन्हाळ्यात त्यातला मिथेन पेटतो, प्लास्टिक आतल्या आत धुमसते आणि शेजारच्या पाड्यांत दिवसचे दिवस खिडक्या बंद राहतात. पत्र्याच्या घरात खिडकी बंद करणे म्हणजे काय, हे एप्रिलमध्ये तिथे राहणाऱ्यांनाच ठाऊक.

पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला, उल्हासच्या काठाकाठाने वीटभट्ट्या लागतात. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे मुलाबाळांसह भट्टीवर येतात. पुढचे सहा-सात महिने ती तिथेच, भट्टीपासून काही पावलांवरच्या झोपड्यांत राहतात. माती मळणे, विटा थापणे, भट्टी रचणे, आणि भाताचा तूस व कोळशाची भुकटी घालून ती दिवसरात्र धुमसत ठेवणे, हे काम चालते नेमके त्या महिन्यांत, जेव्हा हवेवर झाकण बसलेले असते. शहराच्या गच्चीवरचे यंत्र त्यांच्यापासून दूर असते. राखेची पाटी उचलणाऱ्या बाईच्या खोकल्याला गावात ‘भट्टीचा खोकला’ म्हणून सोडून दिले जाते. मृगाचा पाऊस आला की भट्टी विझते, मुकादम हिशोब करतो आणि कुटुंबे आपापल्या वाडीला परततात. तिथे चुलीत ओली लाकडे असतात.